देवदूताने हागारला परत का पाठवलं?

वाचकाचं पत्र :

ताई, सलाम. मी निवृत्त शिक्षिका, वय ६३. आमच्या मंडळीच्या महिला मंडळातल्या आम्ही चौघी महिन्यातून एकदा कारागृहाच्या महिला विभागात जातो. गीतं गातो, शास्त्रभाग वाचतो, प्रार्थना करतो. गेल्या महिन्यात मी बायबलमधल्या उत्पत्तीच्या १६व्या अध्यायातली हागारची गोष्ट वाचली. मालकीण छळते म्हणून गरोदर दासी रानात पळून जाते आणि देवाचा दूत तिला सांगतो, परत जा, तिच्या हाताखाली राहा. एक तिशीतली बाई आहे, नवऱ्याच्या खुनाच्या आरोपाखाली तीन वर्षं आत. कधी बोलत नाही. त्या दिवशी बोलली, ‘बाई, ती पळाली ते बरंच केलं होतं की. तुमच्या देवाने तिला त्याच घरात परत का पाठवलं? मीपण दोनदा माहेरी पळाले होते. दोन्ही वेळा मला परत पाठवलं.’ मला काही सुचेना. मी म्हटलं, देवाची योजना आपल्याला कळत नाही. ती हसली आणि उठून गेली. पाळकसाहेब म्हणतात, हा अधीनतेचा धडा आहे, पुढच्या वेळी इफिसकरांस पत्र घ्या. माझी मुलगी म्हणते, बायबल बाईच्या नजरेने वाचणाऱ्या विदुषी आहेत, त्यांचं वाच. पाळकसाहेबांच्या मते ते शास्त्राशी खेळणं आहे. पुढच्या महिन्यात जाऊ की नको? गेले तर तिला काय सांगू?

— सु., अहिल्यानगर जिल्हा

प्रिय ताई,

जा. नक्की जा. गेल्यावर आधी तिला एवढंच सांगा, की मागच्या वेळी तुला दिलेलं उत्तर माझं मलाच पटलं नव्हतं.

मीही बरीच वर्षं एका तुरुंगात शास्त्रपाठ घ्यायला जात होते, आणि सुरुवातीला तुमच्यासारखीच उत्तरं देत होते. एकदा क्षमेवर बोलले. समोर बसलेल्या एका मुलीने विचारलं, ‘पण त्याने माफी मागितलीय का?’ तेव्हा मी तिलाच गप्प केलं. आजही ते आठवलं की जिवाला लागतं. तेव्हा तुम्हाला दोष द्यायला मी हे लिहीत नाही.

त्या बाईचा प्रश्न उद्धटपणाचा नाही, अडाणीपणाचाही नाही. शास्त्र शिकलेल्या, हिब्रू जाणणाऱ्या बायका गेली चाळीसएक वर्षं नेमक्या याच ओळीपाशी थांबत आल्या आहेत. अमेरिकेतल्या फिलिस ट्रिबल यांनी १९८४ मध्ये बायबलमधल्या चार बायकांच्या कथा बारकाईने वाचल्या. हागार, दाविदाची मुलगी तामार, शास्ते पुस्तकातली ती बिननावाची उपपत्नी आणि इफ्ताहाची मुलगी. या कथा वाचताना अंगावर काटा यायला हवा, त्यांना गोड शेवट चिकटवू नका, असं त्यांचं म्हणणं. हागारला परत पाठवणारा देव इथे मालकिणीच्या बाजूने उभा दिसतो, हे त्यांनी आडपडदा न ठेवता लिहिलं.

नऊ वर्षांनी, १९९३ मध्ये, डेलोरेस विल्यम्स यांनी वेगळं मांडलं. त्या कृष्णवर्णीय समाजातल्या. हागार परदेशातून आणलेली दासी, मालकाचं मूल पोटात वाढवणारी, आणि मग घराबाहेर काढलेली. गुलामीत पिढ्या गेलेल्या त्या समाजाने तिला कायम आपली मानलं. विल्यम्स विचारतात, गरोदर बाई, ओसाड रान, एकटा जीव. बाळंतपण कोण करणार होतं? त्या वेळी देवाने तिला सोडवलं नाही, जगवलं. सुटका वेगळी आणि जगून राहणं वेगळं, आणि कित्येक बायकांच्या वाट्याला आधी दुसरंच येतं.

ही दोन उत्तरं एकमेकींशी जुळत नाहीत, आणि ती जुळवायच्या फंदात तुम्ही पडू नका. मला स्वतःला विल्यम्स यांचं म्हणणं जवळचं वाटतं. पण एक अट आहे. ते तुरुंगातल्या बाईला बाहेरच्या माणसाने ऐकवू नये. ‘परत गेले म्हणून जगले’ असं तिला म्हणायचं असेल तर ती म्हणेल. आपण म्हटलं की ते पुन्हा पाळकसाहेबांचंच वाक्य होतं. आणि तिच्या बाबतीत परत पाठवण्याचा शेवट एक माणूस मरण्यात झाला. तिने मारलं की नाही, कशामुळे, हे न्यायालय ठरवेल. पण तिला दोनदा कोणी परत पाठवलं, हा प्रश्न कुठलंच न्यायालय विचारणार नाही. म्हणून तो तिने तुमच्या शास्त्रपाठात विचारला.

‘परत जा’ हा हुकूम आपल्याकडे कोर्टानेही दिलेला आहे. मार्च १८८७ मध्ये मुंबई हायकोर्टाने रखमाबाईंना सांगितलं, महिन्याभरात नवऱ्याच्या घरी नांदायला जा, नाहीतर सहा महिने कैद. रखमाबाईंनी तुरुंग पत्करला. पुढच्या वर्षी तडजोड झाल्याने प्रत्यक्ष जावं लागलं नाही, आणि त्या इंग्लंडला जाऊन डॉक्टर होऊन आल्या. ही गोष्ट तिथल्या बायकांना सांगून बघा. नांदायला पाठवणं म्हणजे काय, हे त्यांना समजावून द्यावं लागणार नाही.

आता पुन्हा १६वा अध्याय उघडा आणि सावकाश वाचा. मालकीण सारा आणि तिचा नवरा अब्राहाम हागारला एकदाही नावाने हाक मारत नाहीत. ‘माझी दासी’, ‘तुझी दासी’, बस. तिचं नाव घेऊन तिच्याशी पहिल्यांदा बोलतो तो झऱ्याकाठचा दूत. तो विचारतो, कुठून आलीस आणि कुठे चाललीस? ती पहिल्या प्रश्नाचं उत्तर देते. मालकिणीपासून पळून आले. दुसऱ्याला उत्तर नाही, कारण जायला ठिकाणच नाही. जामीन मंजूर होऊनही जामीनदार मिळत नाही म्हणून आत राहिलेल्या, सुटकेच्या दिवशी फाटकाबाहेर कोणीही न आलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. दुसऱ्या प्रश्नापाशी हागार का थांबली, हे त्यांना लगेच उमगतं.

आणि मग हागार देवाला नाव देते. ‘एल-रोई’, मला पाहणारा देव. अख्ख्या बायबलमध्ये देवाला असं नाव देणारी तीच. मराठीत आपण ‘नाव देणं’ आणि ‘नावं ठेवणं’ यात केवढा फरक करतो! जिला सगळा तंबू नावं ठेवत होता, तिने देवाला नाव दिलं. बराकीत बाई कलमाने ओळखली जाते, ‘ती तीनशेदोनवाली’. कायदा बदलून खुनाचं कलम आता १०३ झालं, सवय बदललेली नाही. म्हणून पुढच्या वेळी शास्त्रभाग उघडायच्या आधी प्रत्येकीला तिचं नाव विचारा आणि लक्षात ठेवा. तुमच्या पत्रात त्या बाईचं नाव नाही. गोपनीयतेसाठी वगळलं असेल तर उत्तम. माहीतच नसेल तर तिथून सुरुवात करा.

साराला विसरू नका. इथे मी थोडी जास्त थांबणार आहे, कारण बाहेरच्या बायकांना ही गोष्ट वाचताना सारा नुसती दुष्ट वाटते. तुम्ही ज्या गोलात बसता त्यात सुनेच्या मृत्यूच्या खटल्यात आत आलेल्या सासवा आणि नणंदा असतील. नवऱ्याचा मार खाल्लेली आणि सुनेला छळल्याचा आरोप असलेली शेजारीशेजारी झोपतात, एकाच नळावर पाणी भरतात. सारासुद्धा वांझ म्हणून घरात खाली मान घालून जगलेली. मिसर देशात नवऱ्याने स्वतःचा जीव वाचवायला तिला बहीण म्हणवून फारोच्या, म्हणजे तिथल्या राजाच्या, वाड्यात जाऊ दिलं. ते १२व्या अध्यायात आहे, आणि महिला मंडळात ते सहसा वाचलं जात नाही. तिच्यावर जे झालं ते तिने हागारवर काढलं, असं माझं वाचन. याने तिचा गुन्हा कमी होत नाही. पण छळणारी आणि छळलेली एकाच घरात असतात, कधी एकाच बाईत असतात, हे त्या गोलातल्या बायकांना आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असतं. आणि या सगळ्यात अब्राहाम काय करतो? ‘तुझी दासी तुझ्या हाती आहे’ म्हणतो आणि बाजूला होतो. एकदा एका म्हातारीने हे ऐकून मान हलवली आणि म्हणाली, ‘हे मात्र अगदी आमच्या घरातलं.’

२१वा अध्याय दुसऱ्या दिवसासाठी ठेवा. तिथे पाणी संपतं आणि हागार लेकराला झुडपाखाली ठेवून लांब जाऊन बसते, त्याचं मरण बघवणार नाही म्हणून. ज्यांची मुलं आत त्यांच्यासोबत आहेत त्यांच्यासमोर हे वाचताना फार जपा. मूल सहा वर्षांचं झालं की त्याला आईपासून बाहेर पाठवावं लागतं, आणि त्या वाढदिवसाची आई धसका घेऊन वाट पाहते. पण अध्याय शेवटपर्यंत वाचा. मूल जगतं, आणि हागार स्वतः आपल्या माहेरच्या देशातून, मिसरातून, त्याला बायको करून आणते. टाकून दिलेल्या बाईने लेकाचं लग्न जमवलं, एवढ्या एका ओळीवर मी बायकांना अर्धा तास आनंदाने बोलताना ऐकलंय.

पाळकसाहेबांच्या आक्षेपाबद्दल. मला त्यांचा अनादर करायचा नाही. शास्त्र आपल्या सोयीने वाकवलं जाईल ही भीती खरीच आहे. पण ते आधीच वाकवलं गेलेलं आहे, हे त्यांना प्रेमाने दाखवा. इफिसकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात बायकांनी नवऱ्याच्या अधीन असावं ही २२वी ओळ. तिच्या आधीची २१वी सांगते, एकमेकांच्या अधीन असा. सगळ्यात जुन्या ग्रीक हस्तलिखितांत २२व्या ओळीला स्वतःचं क्रियापदच नाही, ते २१वीकडून उसनं घ्यावं लागतं. मग २१वी गाळून २२वी वाचणारा शास्त्राशी खेळत नाही का?

किंवा रोमकरांस पत्राचा १६वा अध्याय घ्या, सातवी ओळ. पत्र लिहिणारा पौल अंद्रोनीक आणि युनिया यांना सलाम सांगतो. हे दोघे माझ्यासोबत बंदिवासात होते, प्रेषितांमध्ये नावाजलेले आहेत, असं म्हणतो. युनिया हे बाईचं नाव. चौथ्या शतकातल्या ख्रिसोस्तोम या धर्मगुरूने या बाईची थोरवी गायली आहे. पुढे मध्ययुगात, बाई प्रेषित कशी असेल म्हणून, तिला पुरुष करण्यात आलं. अभ्यासक वापरतात त्या छापील ग्रीक नव्या कराराच्या आवृत्तीत १९२७ पासून तिचं नाव पुरुषी रूपात छापलं गेलं, ते १९९८ मध्ये पुन्हा बाईचं झालं. तुरुंगात जाऊन आलेली एक स्त्री प्रेषित आपल्या शास्त्रात आहे, ताई. हे तुमच्या बराकीत कोणी कधी सांगितलंय का?

योहानाच्या शुभवर्तमानाच्या आठव्या अध्यायात व्यभिचारात धरलेल्या बाईला येशूपुढे ओढून आणतात. नियमशास्त्रात दोघांना शिक्षा सांगितली आहे, आणली फक्त बाई. तुरुंगात हा भाग वाचला की पहिला प्रश्न ठरलेला, ‘आणि तो कुठंय?’ काही जुन्या हस्तलिखितांत हा प्रसंगच नाही. पाचव्या शतकातल्या ऑगस्टीनने त्याचं कारण असं दिलं, की आपल्या बायकांना मोकळीक मिळेल या भीतीने काहींनी तो काढून टाकला. अभ्यासकांमध्ये यावर मतभेद आहेत, पण एवढ्या जुन्या काळच्या एका बिशपलाही तशी शंका आली, हे बोलकं आहे.

आणि हे सगळं परदेशातून आलेलं खूळ म्हणून कोणी बाजूला सारू नये. केडगावला मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकून उतारवयात अख्खं बायबल मराठीत आणत होत्या. खेड्यातल्या साध्या बाईला समजेल असं मराठी हवं, हा त्यांचा आग्रह. छपाईचं काम तिथल्याच बायका-मुली करत, त्यात दुष्काळातून आणलेल्या, कोणी थारा न दिलेल्या होत्या. १९२२ मध्ये रमाबाई गेल्या, संपूर्ण बायबल त्यानंतर छापून निघालं. तरुणपणी इंग्लंडमध्ये असताना, एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून सुटलेली मी दुसऱ्याचं जोखड मानेवर घेणार नाही, अशा अर्थाचं त्यांनी आपल्या धर्मभगिनीला कळवलं होतं. शास्त्र सोडलं नाही, मधला दलाल सोडला. तुमच्या मुलीला त्यांच्याबद्दल वाचायला सांगा. मीही तिच्याच बाजूची आहे.

तरी एक इशारा. बाईच्या नजरेने वाचणं म्हणजे प्रत्येक बाईला निर्दोष ठरवणं नव्हे. शास्ते पुस्तकात याएल झोपलेल्या सेनापतीच्या कानशिलात मेख ठोकते आणि तिची स्तुती होते. हा भाग कोणी उत्साहाने तुरुंगात न्यायला सांगितला तर नेऊ नका. ज्यांच्या हातून खरंच जीव गेला आहे त्यांना रात्री झोप लागत नाही. त्यांना टाळ्या नकोत, दगडही नकोत.

बसायचं कसं? दक्षिण आफ्रिकेत पीटरमारित्झबर्गला काही अभ्यासक आणि साध्या बायका मिळून शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकातला १३वा अध्याय, तामारवरच्या बलात्काराचा, असा वाचत आल्या आहेत. मोठ्याने वाचायचं. मग विचारायचं, यात कोण कोण आहे? प्रत्येकाने काय केलं? तामार काय बोलली? उत्तर द्यायची घाई करायची नाही. तामार किती बोलते, किती शहाणपणाने बोलते, आणि कोणीही कसं ऐकत नाही, हे बायकांना आपोआप दिसतं. तुम्ही ३०-३५ वर्षं वर्गात प्रश्न विचारले असतील. फरक एवढाच, की इथे उत्तर तुम्हाला आधी माहीत नाही.

तुमच्या गोलात हिंदू, मुस्लिम, बौद्ध बायका असणारच. बराकीतून तासभर बाहेर बसायला मिळतं म्हणूनही काही येतात, आणि ते कारण पुरेसं आहे. साबण, साडी, बिस्किटं प्रार्थनेला येण्याशी जोडू नका. कोणी काय केलं हे विचारू नका. त्यांच्या कहाण्या रविवारी मंडळीत साक्ष म्हणून सांगू नका, नाव बदलूनही नाही. आणि कोणी स्वतःहून खटल्याबद्दल बोलू लागली तर हळूच थांबवा. वकिलाशी झालेलं बोलणं कायद्याने गुप्त राहतं, तुमच्याशी झालेलं तसं राहत नाही. भोवती ऐकणारे कान असतात.

आता ज्या गोष्टीसाठी मी खरं तर एवढं लांबण लावलं ती. लूकच्या १८व्या अध्यायात एक विधवा न्यायाधीशाकडे हेलपाटे घालते. आपण त्यावरून चिकाटीने प्रार्थना करा असं शिकवतो. पण ती बाई देवळात गेली नव्हती, कोर्टात गेली होती. न्यायाधीश म्हणतो, ही मला हैराण करेल. मूळ ग्रीक शब्द मुष्टियुद्धातला आहे, डोळा काळानिळा करणे असा. देशातल्या तुरुंगांत दर चार बंद्यांपैकी सुमारे तिघे कच्चे कैदी आहेत, आणि शंभरात जेमतेम चार बायका. त्यांच्यासाठी हेलपाटे घालणारं सहसा कोणी नसतं.

महिलेला आणि कोठडीत असलेल्या कोणालाही मोफत वकील मिळण्याचा हक्क १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने दिला आहे. उत्पन्न कितीही असो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण जिल्हा न्यायालयाच्या आवारात असतं. जामीन मिळून सात दिवसांत कोणी सुटली नाही तर अधीक्षकांनी प्राधिकरणाला कळवायचं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सांगितलं आहे. त्याच वर्षापासून जामिनाची रक्कम न भरू शकणाऱ्या गरीब कच्च्या कैद्यांसाठी केंद्राची योजना आहे; २०२३ मध्ये तिची मर्यादा ४० हजार रुपये होती. पहिल्यांदाच गुन्ह्यात अडकलेली असेल आणि त्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेचा तिसरा हिस्सा खटल्याआधीच आत काढला असेल तर नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ४७९व्या कलमाखाली सुटका मागता येते. मात्र फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना ते लागू नाही, म्हणजे तुमच्या त्या बाईला नाही. तिच्यासाठी जामिनाचा वेगळा अर्ज लागेल. गोलातल्या इतरांना मात्र उपयोगी पडू शकेल.

तिच्यासाठी आणखी एक. नवऱ्याचा छळ, आधीचा मार, त्या दोन वेळचं पळून माहेरी जाणं, तेव्हा कुठे तक्रार, दवाखान्याचा कागद, शेजारीपाजारी कोणी पाहिलेलं. खुनाच्या खटल्यात आरोप कोणत्या कलमात बसतो, स्वसंरक्षण होतं का, एकाएकी झालेली गंभीर चिथावणी होती का, हे ठरताना याचा फरक पडू शकतो. प्रश्नाच्या ओघात ती तुमच्याशी एक वाक्य बोलून गेली. गोलात नाही, बाजूला, दोन मिनिटं मिळाली तर तिला विचारा, ‘हे तू तुझ्या वकिलाला सांगितलंयस का?’ आणि तिला वकील भेटायला येतो का, तेही. येत नसेल तर तुमची पुढची फेरी जिल्हा न्यायालयाकडे.

काय झालं ते मला जरूर कळवा.

तुमची,
ताई